घरच्यासारखी, पण किती तास?

जरीपटक्याला परदेश नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उत्तर नागपुरातली ही वस्ती उभी केली. सिंधी समाजाच्या आठवणीत परदेश म्हणजे पेढी. सिंधमधल्या हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाँगकाँगपासून जिब्राल्टरपर्यंत दुकाने मांडून बसले होते. त्यांचा गुमास्ता साधारण अडीच वर्षांच्या करारावर जायचा, राहणे-जेवण पेढीचे असायचे आणि मुदत संपली की तो गावी परतायचा. सगळेच सिंधी काही या पेढ्यांतले नव्हते. पण घरातला तरुण मुलगा परक्या मुलखात दुसऱ्याच्या छपराखाली राहून काम करतो, यात त्या समाजाला कधी वावगे वाटले नाही. मुलींचा प्रश्न तेव्हा कुणी काढलाच नव्हता.

आता तो निघतो. जरीपटक्याच्या दयानंद आर्य कन्या महाविद्यालयात शिकणारी किंवा पलीकडे इंदोऱ्यात राहणारी मुलगी मोबाइलवर ‘ओ पेअर’ हा शब्द वाचते. जर्मनीतले एखादे कुटुंब वर्षभर आपल्या घरी ठेवून घेणार, खोली आणि जेवण देणार, हातखर्चाला पैसे देणार. तिने त्यांची मुले सांभाळायची, घरकामात हात लावायचा आणि उरलेल्या वेळात भाषा शिकायची. बँकेत लाखो रुपये दाखवायची गरज नाही. वाचायला हे फारच गोड वाटते, म्हणून ते नीट तपासून घ्यायला हवे.

या व्यवस्थेला नियमांची चौकट दिली ती युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप). २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओ पेअरविषयीचा करार झाला. त्याआधी ही पद्धत घराघरांतल्या ओळखीवर चालायची. स्वित्झर्लंडमध्ये जर्मनभाषक मुली एखादे वर्ष फ्रेंचभाषक कुटुंबात काढून भाषा आणि घर सांभाळणे दोन्ही शिकून यायच्या. करारानंतर मात्र जो तो देश आपापल्या वाटेने गेला. ब्रिटनने २००८ मध्ये ओ पेअरचा वेगळा व्हिसा बंदच केला. तिथे तरुण भारतीयांसाठी २०२३ पासून ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना आहे, पण तिच्यासाठी पदवी लागते, सोडतीत नाव निघावे लागते आणि खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियात बहुतेक ओ पेअर ‘वर्क अँड हॉलिडे’सारख्या व्हिसावर येतात. तो भारतीयांना २०२४ मध्ये खुला झाला, जागा वर्षाला फक्त हजार आणि त्याही सोडतीने. अमेरिकेत १९८६ पासून स्वतंत्र कार्यक्रम आहे, त्याच्याकडे पुढे येऊच. नागपूरच्या मुलीसाठी त्यातल्या त्यात उघडे दार जर्मनीचे आहे, म्हणून या लेखाचा मुक्काम जास्त तिथेच.

जर्मनीचे नियम स्पष्ट आहेत. वय १८ पूर्ण आणि व्हिसाचा अर्ज करताना २७ च्या आत. मुलगेही जाऊ शकतात, पण जाणाऱ्यांत मुलीच जास्त. जर्मन भाषा निदान ए-१ पातळीची यायला हवी. मुदत कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि आयुष्यात ही संधी एकदाच. काम आठवड्याला ३० तासांहून अधिक नाही, दिवसाला सहा तासांहून अधिक नाही. आठवड्यात दीड दिवस सुटी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून एक तरी रविवार पूर्ण सुटीचा, आणि वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा. हातखर्च महिन्याला २८० युरो, भाषेच्या वर्गासाठी वर ७० युरो. आजारपण, अपघात आणि बाळंतपणाचा विमा कुटुंबाच्या खर्चाने. खोली स्वतंत्र, खिडकी असलेली आणि निदान आठ चौरस मीटरची. विमानाचे तिकीट मात्र मुलीच्या पदरचे. कामाच्या यादीत मुलांना बालवाडीत पोचवणे-आणणे, न्याहारी, कपडे, भांड्यांचे यंत्र लावणे, हलकी साफसफाई येते. घरातल्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाची शुश्रूषा त्यात येत नाही. कुणी तेच काम सांगू लागले, तर ती ओ पेअर राहिली नाही, बिनपगारी परिचारिका झाली.

एक अट मराठी माणसाला अनपेक्षित वाटेल. कुटुंबाची मातृभाषा किंवा निदान घरातली भाषा जर्मन असावी लागते. घरात जर्मन बोलतात पण ती मातृभाषा नाही, असे असेल तर ओ पेअर यजमान आईवडिलांच्याच मूळ देशातून आलेली चालत नाही. म्हणजे म्युनिकमध्ये स्थिरावलेले मराठी दांपत्य नागपूरच्या मुलीला या मार्गाने बोलावू शकत नाही. ‘ओळखीत एक कुटुंब आहे, तेच बोलावतील’ हा आपल्याकडचा पहिला विचार इथे उपयोगाचा नाही. मुलीने जर्मन शिकावे म्हणून ही सोय आहे. घरात मराठी किंवा सिंधी बोलत वर्ष गेले, तर या सोयीचा हेतूच बुडाला, असे सरकारचे म्हणणे आहे आणि ते चुकीचे नाही.

अमेरिकेत यजमान आईवडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. त्यामुळे एच-१ बी व्हिसावर राहणारी असंख्य मराठी कुटुंबे या कार्यक्रमाच्या बाहेरच राहतात. त्यांचा ओ पेअर वेगळाच असतो: पुण्या-नागपूरहून पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने येणारी आजी. बाळंतपण, पहिले वर्ष, आईची नोकरी पुन्हा सुरू होणे, या सगळ्याला आजी पुरते. एकीची मुदत संपली की दुसरीकडची आजी येते. हे तास कुणी मोजत नाही आणि हातखर्च द्यायचा म्हटले तर आजीच रागावेल.

पैशाचे गणित मात्र कागदावर करून पाहावे. जर्मनीत शिकायला जायचे तर बंद (ब्लॉक्ड) खात्यात एका वर्षासाठी ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. ओ पेअरला ही अट नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते, आणि तीही जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला तरच. इंदोऱ्याची किंवा जरीपटक्याची साधे गुण घेऊन बी.ए. होणारी मुलगी या दोन्ही दारांबाहेर उभी असते. २८० युरो म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. नागपुरात पदवीधर मुलीला दुकानात किंवा खाजगी शाळेत पहिल्या नोकरीत इतके मिळणे सोपे नाही. तिला आकडा मोठा वाटला तर त्यात तिचा भोळेपणा नाही.

पण तिथल्या हिशेबाने तो लहान आहे. आठवड्याचे ३० तास धरले तर महिन्याचे सुमारे १३० तास होतात. रोख हाती येतात तासाला सव्वादोन युरोंहूनही कमी. खोली आणि जेवण यांचे मोल धरायला हवे, हे खरेच. जर्मन सरकारने २०२५ साठी महिन्याच्या जेवणाची किंमत ३३३ आणि राहण्याची २८२ युरो धरली होती. ती मिळवली तर तासाला सात युरोंच्या आत येते. त्याच वर्षी जर्मनीचे किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होते. म्हणजे विमा आणि वर्गाचे पैसे सोडले, तर मोबदला किमान वेतनाच्या निम्म्याहून थोडाच वर. ओ पेअरला किमान वेतन लागू नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती कामगार नाही. ती कुटुंबात राहायला आलेली पाहुणी-विद्यार्थिनी आहे.

इथे नागपूरचा वाचक थबकेल, कारण हे वाक्य त्याने दुसऱ्या रूपात ऐकलेले आहे. ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे.’ मोलकरणीला पगारी सुटी हवी, दिवाळीचा बोनस हवा, कामाचे तास ठरलेले हवेत, असे कुणी म्हटले की मध्यमवर्गीय घरातून हेच उत्तर येते. १९८० च्या सुमारास नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटना उभी राहिली. ती उभी केली संस्कृतच्या प्राध्यापिका डॉ. रूपा कुलकर्णी यांनी. घरकाम हे काम आहे, ते मायेने झाकता येत नाही, हे या संघटनेने वस्त्यावस्त्यांतून वर्षानुवर्षे सांगितले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडावे लागले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. जर्मनीने तो २०१३ मध्ये स्वीकारला. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

त्यामुळे जरीपटक्याच्या घरात जेव्हा आई विचारते, ‘पोरीला शिकवलं ते परक्याची पोरं सांभाळायला का?’, तेव्हा त्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक काळजीची, दुसरी प्रतिष्ठेची. काळजी रास्त आहे. प्रतिष्ठेचा भाग मात्र आपल्याच घरातल्या मोलकरणीकडे पाहण्याच्या नजरेतून आलेला आहे. इथे भांडी घासणारी बाई वेगळी आणि आपली मुलगी वेगळी, ही रेघ जर्मनीत पहिल्याच आठवड्यात पुसली जाते. तिथे यजमान बाई स्वतः डॉक्टर असते आणि रविवारी फरशीही स्वतःच पुसते. काही मुलींना हा धक्का सुखाचा वाटतो, काहींना अपमानाचा. घरी कधी चहाचा कपही न विसळलेल्या मुलीला दोन लहान मुलांचे डबे, दप्तरे आणि रडणी एकाच वेळी सांभाळणे जड जाणारच.

‘घरच्यासारखी’ की ‘कामाला’, हा वाद युरोप-अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकेत ओ पेअरकडून आठवड्याला ४५ तास काम घेता येते आणि किमान मोबदला १९५.७५ डॉलर. हा विचित्र आकडा आला कुठून? केंद्राचे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, त्याला ४५ ने गुणायचे आणि राहण्या-जेवणापोटी ४० टक्के कापायचे. केंद्राचे किमान वेतन २००९ पासून हललेले नाही, म्हणून हाही आकडा तिथेच अडकला आहे. कोलोरॅडोतल्या न्यायालयात काही ओ पेअरनी दावा लावला. नेमणुका करणाऱ्या संस्थांनी संगनमताने किमान रक्कम हीच जणू कमाल रक्कम करून टाकली, असा त्यांचा आरोप होता. २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याचे वेतनाचे कायदे ओ पेअरनाही लागू होतात, असा निकाल दिला. त्यावर तिथल्या अनेक यजमान कुटुंबांनी हे आपल्याला परवडणार नाही म्हणून गळा काढला. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे, पण मग इतकी वर्षे परवडत होते ते कुणाच्या खर्चाने, हा प्रश्नही विचारायला हवा.

नॉर्वेने याहून कडक पाऊल उचलले. युरोपाबाहेरून येणाऱ्यांसाठी ओ पेअरची परवानगीच मार्च २०२४ पासून बंद झाली. तिथे येणाऱ्यांत फिलिपिन्सच्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली स्वस्त घरकामगार मिळतो, ही टीका जुनी होती. फिलिपिन्स सरकारने तर १९९८ मध्येच आपल्या मुलींना युरोपात ओ पेअर म्हणून पाठवण्यावर बंदी घातली होती. २०१२ मध्ये ती उठवली. बंदीने मुली थांबल्या नाहीत, फक्त आडवाटेने गेल्या.

उलट बाजूचा धोकाही आहे. १९९७ मध्ये बोस्टनजवळच्या न्यूटन गावात एका भारतीय वंशाच्या डॉक्टरच्या घरी १८ वर्षांची ब्रिटिश ओ पेअर कामाला होती आणि तिच्या ताब्यातले आठ महिन्यांचे बाळ दगावले. खटला जगभर गाजला. ज्युरीने खुनाचा निकाल दिला, न्यायाधीशांनी तो सदोष मनुष्यवधावर आणला आणि तिने तोवर भोगलेले २७९ दिवस हीच शिक्षा धरली. निकालाच्या बरे-वाईटाबद्दल आजही मतभेद आहेत. पण तान्हे बाळ दिवसभर विशीच्या आतल्या मुलीवर टाकणे शहाणपणाचे आहे का, यावर फारसा मतभेद उरला नाही. आज अमेरिकेत दोन वर्षांखालचे मूल असेल तर ओ पेअरला तान्ह्या बाळांच्या संगोपनाचा निदान २०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. कुटुंब निवडताना मुलांची वये विचारणे ही औपचारिकता नव्हे, हे यातूनच कळावे.

भारतीय बायका परक्या मुलांना घेऊन समुद्र ओलांडत होत्या ते या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून. साहेबाच्या कुटुंबाबरोबर बोटीवर आया जायच्या आणि लंडनला पोचल्यावर अनेकींना परतीच्या तिकिटाविना सोडून दिले जायचे. त्यांच्यासाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ होते. १९०० मध्ये ते हॅकनी भागातल्या किंग एडवर्ड रोडवर आले. २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपट्टी बसली. बाळ सांभाळण्यात वाकबगार असलेल्या या बायकांकडे परतीची हमी देणारा एक कागद नव्हता. आजच्या ओ पेअरचा करार कितीही रुक्ष वाटला, तरी त्या कागदाची किंमत यावरून कळते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आनंदीबाई जोशी. त्या ओ पेअर नव्हत्या. पण परक्या कुटुंबात राहिलेली मराठी मुलगी म्हटली की त्यांच्याआधीचे नाव सहज आठवत नाही. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा वय अवघे १८. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरी नेले. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र एका मासिकात छापून आले होते. ते कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. रोझेलला काही महिने काढून आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे त्यांच्या अस्थीही कार्पेंटर कुटुंबाकडेच गेल्या आणि पोकिप्सीच्या दफनभूमीत विसावल्या. तिथे ‘घरच्यासारखी’ हा शब्द खरा ठरला, कारण बदल्यात कसले कामच ठरलेले नव्हते. ज्या घरात प्रेमाबरोबर तीस तासांचे कामही आहे, त्या घराची तुलना रोझेलशी करू नये.

आता कागदपत्रांकडे. पासपोर्ट नागपुरातच होतो. दहावी उत्तीर्ण असेल तर त्यावर ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा बसत नाही. हा शेरा असलेल्या तीस वर्षांखालच्या महिलेला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाण्याची मुभा भारत सरकार देत नाही. जर्मनी त्या यादीत नाही. एकाच वयाच्या दोन मुलींपैकी एकीला कुवेतचे दार बंद आणि दुसरीला कोलोनचे उघडे, हा फरक दहावीच्या गुणपत्रिकेने पडतो. विदर्भातल्या मुलीला राष्ट्रीय व्हिसासाठी मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे अर्ज जातो, शुल्क ७५ युरो. ए-१ चे प्रमाणपत्र हवे, आणि गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा देण्याची जागा म्हणजे मुंबई किंवा पुण्याचे मॅक्स म्युलर भवन. व्हिसाचे अधिकारी दोन-चार प्रश्न जर्मनमध्ये विचारू शकतात. पाठ केलेली उत्तरे तिथे लगेच उघडी पडतात.

मधल्या दलालाबद्दल थोडे कडक लिहायला हवे. कुटुंब शोधायला दलाल लागतोच असे नाही. कॅथलिक चर्चशी जोडलेली ‘इन फिया’ ही संस्था आणि प्रोटेस्टंट परंपरेतली तिची भगिनीसंस्था जर्मनीत हे काम फार वर्षांपासून करतात. संकेतस्थळांवरून थेट कुटुंबाशीही बोलता येते. जर्मन कायद्याने तिथल्या संस्थेला ओ पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरोच घेता येतात. भारतात परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते आणि त्याच्या शुल्कालाही ३०,००० रुपये अधिक करांची मर्यादा आहे. त्यामुळे भाषेचा वर्ग, मुलाखतीची तयारी, कुटुंब आणि व्हिसा असे सगळे मिळून काही लाखांचे एक पॅकेज कुणी समोर ठेवले, तर प्रत्येक बाबीचे पैसे वेगळे लिहून मागावेत. लिहून द्यायला कां-कूं केली तर तिथून उठावे.

कुटुंबाशी व्हिडिओवर बोलताना मुली लाजून प्रश्नच विचारत नाहीत, ही आपल्या संस्कारांची उणीव. शनिवार-रविवार काम किती, वर्ग घरापासून किती दूर, आधीची ओ पेअर होती का आणि तिच्याशी बोलता येईल का, शाकाहार चालेल का, हे सगळे विचारलेच पाहिजे. संध्याकाळी थंड पाव, चीज आणि काकडीवर जेवण उरकणारे घर हे जर्मनीत सर्वसामान्य घर आहे. दाल-पकवानावर वाढलेल्या मुलीची पहिल्या महिन्यात उपासमार झाल्यासारखी अवस्था होते. तिने रविवारी स्वयंपाकघर मागून घ्यावे. सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि फोडणीच्या वासावरून जे बोलणे होईल ते आधीच होऊन गेलेले बरे.

जमलेच नाही तर करार मोडता येतो, साधारणतः चौदा दिवसांची सूचना देऊन. उरलेल्या मुदतीसाठी दुसरे कुटुंबही शोधता येते. पण खोली, जेवण आणि राहण्याची परवानगी तिन्ही एकाच घराशी बांधलेल्या असतात, त्यामुळे भांडण झाले की मुलगी त्याच रात्री बेघर होऊ शकते. तिकिटापुरते पैसे वेगळ्या खात्यात आणि संस्थेतल्या माणसाचा फोन नंबर, एवढे तरी जवळ असावे.

राहिला पुढचा प्रश्न. एका वर्षाच्या शेवटी काय? हातखर्चातून फार शिल्लक पडत नाही. या वर्षाची खरी कमाई भाषा आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत-जर्मनी स्थलांतर करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. या सगळ्यांत अडसर एकच राहतो, तो भाषेचा. तीस तासांचे काम सांभाळून जी मुलगी आठवड्यातून दोनदा लोकविद्यालयातल्या, म्हणजे प्रौढशिक्षण केंद्रातल्या, वर्गाला जाते, ती वर्षात बी-१ पर्यंत पोचू शकते. बी-१ किंवा बी-२ असेल तर तिला तिथूनच स्वयंसेवी सेवेचे वर्ष किंवा ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे पगारी व्यवसाय-प्रशिक्षण धरता येते. परिचर्येच्या प्रशिक्षणात सार्वजनिक रुग्णालये पहिल्याच वर्षी महिन्याला तेराशे युरोंहून अधिक देतात. जी मुलगी यजमानांच्या मुलांशी इंग्रजीत बोलत राहते, तिच्या हाती शेवटी फोटो उरतात.

ही प्रशिक्षणे बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि त्यांचे अर्ज कित्येक महिने आधी जातात. त्यामुळे नागपूरहून निघण्याचा महिना ऑगस्टच्या पुढेमागे ठेवणे फायद्याचे. त्यासाठी ए-१ ची परीक्षा आदल्या हिवाळ्यातच दिलेली हवी, आणि त्याआधी सकाळी सहाच्या वर्गाला जायला घरून परवानगी.